सतरा नंबर

सव्वातीनला शाळा रिकामी होते डुलुथमध्ये.
पिवळ्या बसगाड्या धूर सोडत टेकडी उतरतात,
आणि संगणकांच्या खोलीत उरते मी,
हीटरची घरघर,
आणि एखादं पोर, ज्याचं काहीतरी चालत नाहीये.

आज लिबान. कानटोपी तशीच डोक्यावर.
हातात शाळेचा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर,
पाठीवर पांढऱ्या रंगात सतरा,
माझ्याच वळणाचा सात.
"मिसेस कोस्केला, हा कॉम्प्युटरला ओळखच देत नाही."

कोण कुणाला ओळख देत नाही ते आधी ठरवू, मी म्हणाले.

केबल काढली, फुंकर मारली, पुन्हा लावली.
दुसऱ्या खाचेत लावली.
चारही पेन्सिल सेल बदलले, एकेक करून,
कारण आतली गोल बॅटरी कधीच मेलीय
आणि सगळे एकदम काढले तर आठवण पुसते:
हे मी गेल्या वर्षी अख्ख्या वर्गादेखत शिकले.
ड्रायव्हर काढला, परत टाकला.
संगणक बंद. संगणक चालू.
त्याने कानांवर हात ठेवले:
असं कोणतंही साधन मला जोडलेलं नाही.
आणि सतरा नंबर तर ताकास तूर लागू देईना.
पडद्याच्या कोपऱ्यात एक बारकी रेघ नुसती वळवळत राहिली,
फार कामात असल्यासारखी.

"आत आहे तरी काय?"
"त्रेचाळीस दिवसांचा बर्फ."

जुन्या धक्क्यापासून वीस पावलांवर,
रोज शाळेआधी, काळोखात,
शेजारच्या आर्विडचं गिरमिट उसनं घेऊन मोजलेला.
"कागदावर का नाही लिहिलास?"
"हातमोजे काढावे लागतात. बटणं हातमोज्यातून दाबता येतात."
यावर मला बोलायला जागा नव्हती.
प्रकल्प उद्या सकाळी द्यायचा.

पावणेपाचला मी हात टेकले.
बाहेर दिवे लागले होते.
म्हटलं, तू वाच, मी टाइप करते.

"दोन. सव्वादोन. अडीच. अडीच."
"थांब. दोन इंचावर तू उभा राहिलास?"
"उभा नाही. पोटावर." जरा वेळाने, "आईला सांगू नका."
चार इंच माणसाला, बारा इंच गाडीला,
माझे वडील म्हणायचे, आणि तरी दर वर्षी
कुणाची ना कुणाची गाडी तळाशी जायचीच.
"तीन. सव्वातीन. चार." इथे तो हसला.
"सव्वाचार, तेव्हा कोल्हा दिसला. साडेचार. पाच. शून्य."
"शून्य?"
"बर्फ बोलत होता.
खालून. कुणीतरी लोखंडी दार ओढतंय तसा.
मी परत आलो.
रिकामं सोडलं तर हा चूक दाखवतो, म्हणून शून्य."

मी शून्य टाइप केलं.
आलेख तिथे विहिरीत पडल्यासारखा दिसेल. पडू दे.
त्याला सांगितलं, बोलतो तो बर्फ जाड होत असतो.
गप्प बसतो, त्याला भ्यावं.
त्याने टेबलावरच्या सतरा नंबरकडे पाहिलं
आणि आम्ही दोघंही हसलो, बराच वेळ,
झाडू घेऊन आलेला डेल दारातूनच परत फिरेपर्यंत.

"सहा. साडेसहा. सात. सात. सात, तो आठवडा ऊन होतं."
अडतिसाव्या आकड्याला त्याचं कोपर केबलला लागलं.
प्लग आत सरकला, जेमतेम नखाएवढा.
कट्.
माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात उमटलं: साधन सापडलं.

एवढंच होतं तर. दीड तास मी ती केबल
अर्धवट खोचत होते, चष्मा कपाळावर ठेवून.

लिबानचं लक्ष नव्हतं. तो बोटाने ओळ धरून बसला होता.
एक बटण, की उरलेले सगळे पापणी लवायच्या आत आले असते,
कोल्ह्याशिवाय, उन्हाशिवाय.

मी ती चौकट बंद केली.
"पुढे?"

"अकरा. सव्वाअकरा. तेव्हा आर्विडही आला होता, थर्मास घेऊन.
साडेअकरा. साडेअकरा.
आणि आजचा, पावणेबारा."

पावणेबारा, मी टाइप केलं.
गाडीला अजून पाव इंच कमी.